गवताच्या छपराखाली चार रात्री

या भागाचं लिखित रूप देतोय, कारण ऐकताना छपराची रचना नीट डोळ्यासमोर येत नाही असं काही जणांनी कळवलं.

मी डब्लिनमध्ये सॉफ्टवेअरचं काम करतो. गेल्या सप्टेंबरात आम्ही चौघं किलमोर की इथे राहून आलो. आयर्लंडच्या आग्नेय टोकाला, वेक्सफर्ड परगण्यातलं हे मच्छीमारांचं गाव. समोर साल्टी बेटं, धक्क्यावर बोटी आणि रस्त्याच्या कडेने पांढरी, गवती छपरांची बुटकी घरं. त्यातलंच एक आम्ही भाड्याने घेतलं होतं.

पहिल्या रात्री धो धो पाऊस झाला आणि मला तो खिडकीतून बघितल्यावर कळला! पत्र्याखाली पावसाळे काढलेल्या माणसाला हे विचित्रच वाटतं. छताचा आवाज शून्य. शिवाय गळती नाही. गवत गळत कसं नाही?

उत्तर उतारात आहे. छपराचा कोन साधारण ४५ अंश किंवा त्याहून जास्त ठेवतात. थेंब एका काडीवरून खालच्या काडीवर घसरत वळचणीपर्यंत जातो, आत मुरायला त्याला वेळच मिळत नाही. जाडी फूटभर असली तरी भिजतो तो वरचा काही सेंटिमीटरचा थर, आणि तो वाऱ्याने वाळतो. पन्हळ नसते, म्हणून वळचण भिंतीच्या बरीच पुढे काढलेली. उतार कमी केलात की खेळ संपला, गवत कुजणारच.

काड्या बांधून ठेवायला विलो किंवा हेझलच्या फांद्या चिरून, पिळून, मोठ्या यू-पिनांसारख्या खुपसतात. दुरुस्ती करताना बऱ्याचदा जुनं सगळं काढत नाहीत. कुजलेलं खरवडायचं आणि वर नवा थर चढवायचा. आमच्या ऑफिसातली जुनी सिस्टिम अशीच आहे, फक्त ती गळते.

खरी अडचण काडाची. हल्लीचा गहू बुटका, त्यात कापणीचं यंत्र काड मोडून टाकतं. छपरासाठी उंच जातीचा गहू मुद्दाम पेरून जुन्या पद्धतीच्या यंत्राने कापावा लागतो. म्हणून बरेच जण पाणथळीत उगवणारं, बोरूसारखं गवत घालतात, तेही पुष्कळदा परदेशातून आणून. ते जास्त टिकतं. आपल्याकडे भाताचं तेच झालं नाही का? नव्या जातींचा पेंढा आखूड, केंबळायला कुचकामी.

आगीची धास्ती मात्र खोटी नाही. घरात नियमांचा कागद लावलेला होता: चुलीत फक्त सुकी लाकडं, कागद-पुठ्ठा अजिबात नाही. पेटता कागद धुराड्यातून उडून छपरावर बसू शकतो. अशा घरांना विमा मिळणं तिथे अवघड आहे, मिळाला तर महाग.

आता ज्यासाठी हा भाग केला ते. मालकीणबाई निघायच्या दिवशी भिंतीवर हात ठेवून म्हणाल्या, ही मातीची आहे, हिला सिमेंट लावायचं नाही, फक्त चुना. मी गप्प झालो.

कारण दोन वर्षांपूर्वी मालवणजवळच्या आजीच्या घराच्या मागच्या भिंतीला मीच सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं होतं. पैसे पाठवले, फोटो आला, मी खूश. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि ती सारवणातून किंवा चुन्यातून बाहेर उडून जाते. सिमेंटने ती वाट बंद केली. ओल आतच साठली, दुसऱ्या पावसाळ्यानंतर प्लास्टर पोकळ वाजायला लागलं आणि आतली माती ढेकळांनी सुटली. आम्ही गवंड्याला दोष दिला. त्याने सांगितलेलंच केलं होतं बिचाऱ्याने.

आजीला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "झिला, भिंत भिजली तर सुकाक नको काय?"

तिला हे आधीपासून माहीत होतं. प्लास्टर ठरवताना तिला कोणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

घरात आता दोन मतं आहेत. मामा म्हणतो, सगळं पाडून स्लॅब टाकू. त्याचंही चूक नाही. दरवर्षी मे महिन्यात शाकारणीला माणसं मिळत नाहीत आणि ती धावपळ त्यालाच करावी लागते, मला नाही. मी त्याच्याकडून एक पावसाळा मागून घेतलाय. मेमध्ये दोन आठवडे येतोय, सिमेंट खरवडून भिंत मोकळी करायची आणि चुन्याचा गिलावा द्यायचा. छपराचं नंतर बघू.

मालवण-कुडाळ भागात चुन्याचं काम येणारा जुना गवंडी कोणाच्या ओळखीचा असेल, तर नक्की कळवा. एप्रिलच्या आत कळलं तर बरं.