मातीची पागा ओली का राहते?

पागेतली जमीन मातीची असली की ती घाण राहणारच, असं पुष्कळ जण धरून चालतात. हातात चार पैसे आले की पहिलं काम म्हणून कोबा करून घेतात. माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी अशा ठिकाणी अनेक घरांची चूल घोड्यावर पेटते, तिथे हा खर्च लहान नसतो. आणि बहुतेक वेळा तो चुकीच्या जागी होतो.

मध्यम बांध्याचा घोडा दिवसाला साधारण १५ ते २० किलो लीद टाकतो आणि ५ ते १० लिटर मुततो. कोबा केला म्हणून हे मूत कमी होत नाही. ते मुरत नाही, म्हणून एक तर उताराने वाहून जायला हवं, नाही तर जाड अंथरुणाने शोषून घ्यायला हवं. शिवाय ओला कोबा निसरडा होतो, नाल ठोकलेला घोडा त्यावर सहज घसरतो. अंथरूण पातळ असेल तर तो नीट आडवाही पडत नाही. चांगली ठोकलेली मातीची जमीन पायांना सोसते, थंडीत गार लागत नाही आणि पाय घट्ट धरते.

मात्र ‘माती सगळं पिऊन टाकते’ हाही तितकाच मोठा गैरसमज. कोणती माती, हा खरा प्रश्न आहे. देशावरची काळी माती पाणी धरून फुगते आणि सुकली की भेगाळते. तिच्यावर घोडा बांधला तर आठवड्यात चिखल होणार. तिथे फूटभर काळी माती काढून टाकावी, तळाशी दगडगोटे आणि खडी भरावी आणि वर मुरूम घालावा. मुरूम एकदम ओतायचा नाही. तीन-चार इंचांचा थर पसरायचा, हलकं पाणी शिंपडायचं, धुमसाने ठोकायचा, मगच पुढचा थर. तयार जमीन बाहेरच्या अंगणापेक्षा निदान वीतभर उंच हवी. उतार दहा फुटांत दीड-दोन इंच पुरे. जास्त उतार दिला तर पाणी लवकर जाईल खरं, पण तासन् तास तिरप्या जमिनीवर उभं राहून घोड्याच्या पायांच्या शिरांवर ताण येतो.

एवढं करूनही खड्डे पडतातच. घोडी मागच्या पायांच्या मागे मुतते, घोडा पोटाखाली, त्यामुळे खड्ड्याची जागा जनावरागणिक ठरलेली असते. अशा खड्ड्यावर कोरडी माती लोटून वरून सारखं करणं ही सगळीकडे दिसणारी सवय आहे, आणि पागा कुजते ती तिथूनच. मुताने भिजलेली माती टिकावाने घट्ट, कोरड्या थरापर्यंत खणून घमेल्याने बाहेर काढावी, खड्डा दिवसभर उघडा सुकू द्यावा आणि संध्याकाळी नवा मुरूम भरून ठोकावा. मृगाच्या आधी, कडक उन्हं असताना, वरचा चार-सहा इंचांचा थर पूर्ण बदलता आला तर पावसाळा निभावतो.

आता पाणी येतं कुठून, ते पाहू. सगळा दोष घोड्याच्या मुताला दिला जातो, पण पावसाळ्यात मोठी ओल बाहेरूनच येते. माथेरानला चार महिन्यांत चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच्या पागोळ्या भिंतीच्या बुडाशी पडत राहिल्या, किंवा डोंगर कापून पागा बांधली असेल आणि मागच्या दरडीचं पाणी पाझरत असेल, तर आतली माती खालून ओली होत राहते. मग रोज कितीही झाडा. वळचण दोन-तीन फूट बाहेर काढणं, पन्हळ लावणं आणि मागच्या बाजूने खोल चर खणून पाणी वळवणं ही तीन कामं कोब्यापेक्षा स्वस्त आहेत आणि त्याहून उपयोगी.

पाऊस आत येऊ नये म्हणून चारही बाजूंनी प्लॅस्टिक बांधणारेही खूप. घोड्याच्या श्वासातून आणि घामातून दिवसाकाठी काही लिटर पाणी हवेत जातं. कोंडलेल्या पागेत ते छपराला लागून पुन्हा खालीच ठिबकतं. नैऋत्येची, झडीची बाजू बंद ठेवावी. उलट बाजू आणि छपराखालची वरची फट उघडी हवी. घोडा थंडी सोसतो, कोंदट हवा नाही.

सगळ्यात घट्ट बसलेली समजूत चुन्याची. चुना किंवा राख भुरभुरली की वास मरतो, असं जुनेजाणते मोतद्दारही सांगतात. घोड्याच्या मुतात युरिया असतो, लिदेतले आणि मातीतले जिवाणू त्यापासून अमोनिया करतात. हा अमोनिया आम्ल ओलाव्यात बराचसा अडकून राहतो, ओलावा अल्कधर्मी झाला की वायू होऊन सुटतो. चुना आणि लाकडाची राख दोन्ही अल्कधर्मी. म्हणजे ओल्या मुतावर चुना टाकून आपण अमोनियाला वाट मोकळी करून देतो. वरचा थर पांढरा, कोरडा दिसतो, म्हणून काम झाल्यासारखं वाटतं. कळीचा चुना तर ओल लागताच तापतो, कातडी आणि डोळे भाजतो. चुना वापरायचाच तर विरवलेला, थोडा, ओली माती काढून झाल्यावर रिकाम्या खड्ड्याच्या तळाशी, घोडा बाहेर असताना, आणि वर मुरूम ठोकून.

वास येत नाही म्हणजे हवा चांगली, असंही नाही. रोज तिथे वावरणाऱ्याचं नाक सरावतं. शिवाय अमोनिया सुटतो जमिनीतून, आणि आडवा पडलेला घोडा किंवा शिंगरू तिथलीच हवा घेतं. सकाळी पागा उघडल्याबरोबर उकिडवं बसून, गुडघ्याच्या उंचीवर श्वास घ्या. नाक झोंबलं, डोळे चुरचुरले, की जनावराने ते रात्रभर सोसलेलं आहे.

मातीची जमीन पाण्याने धुण्याचा प्रश्नच नाही. ती झाडायची, खरवडायची. अंथरूण भाताच्या पेंढ्याचं असो की भुशाचं, भिजलेला भाग रोज काढायचा.

खुराच्या तळव्यातल्या मऊ त्रिकोणी भागाच्या खाचांत काळा, घाण वासाचा स्राव दिसतो, तो पावसात चालल्यामुळे, असं म्हणतात. पावसाचं पाणी एकटं एवढं करत नाही. लीद आणि मूत खाचेत तासन् तास दडपून राहिले की हवेशिवाय वाढणारे जिवाणू तिथे माजतात. पागेत परतल्यावर खूर रोज साफ करणं हाच त्यावर पहिला उपाय.

आणि धनुर्वात. ‘मातीमुळे होतो, म्हणून माती नको,’ हे तर्काला धरून वाटतं. पण त्या जिवाणूचे बीजाणू घोड्याच्या लिदेतही असतात, कोब्यावर बांधलेला घोडाही त्यातून सुटत नाही. धोका असतो तो खोल, टोचलेल्या जखमेचा, आणि घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो. पशुवैद्याकडून लस वेळेवर घ्यावी, आणि नालबंद काम करून गेला की जमिनीवरचे जुने खिळे चुंबक फिरवून गोळा करावेत.