गरोदरपणातील जळजळ आणि आपला चौविहार

गरोदरपणाचे महिने वाढू लागले की छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी, आडवे होताच लागणारा ठसका या तक्रारी बहुतेक घरांत ऐकू येतात. ‘पित्त झाले आहे’ असे म्हणून विषय संपविला जातो. वास्तविक येथे दोष पित्ताच्या प्रकृतीचा नसतो. गर्भधारणेत वाढणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे अन्ननलिका व जठर यांच्यामधील स्नायूंचे कडे सैल पडते, पचन मंदावते आणि पुढे वाढते गर्भाशय जठराला खालून वर रेटते. त्यामुळे जठरातील आम्ल वर येते. प्रसूतीनंतर हा त्रास बहुधा आपोआप थांबतो.

जेवण आणि झोप यांत निदान तीन तासांचे अंतर ठेवा, असे डॉक्टर या त्रासात सांगतात. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घराला हे वेगळे शिकवावे लागत नाही. कांदा-लसूण वर्ज्य असणे हीदेखील अनेकींच्या बाबतीत जमेचीच बाजू. मात्र खात्याला दुसरी बाजूही असते. डिसेंबरअखेर आपल्याकडे सूर्यास्त सहाच्या आत होतो आणि सूर्योदय सातच्या सुमारास. त्यावर नवकारशीची ४८ मिनिटे धरली तर अन्नपाण्याविना सुमारे चौदा तास होतात. जूनमध्ये हेच अंतर साडेअकरा तासांच्या आसपास असते. गर्भवतीला थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा खाणे मानवते. तिच्यासाठी हा हिवाळी हिशेब जड आहे.

त्याहून जड जाते ती सूर्यास्तापूर्वीची धावपळ. बिडकीनसारख्या बाजाराच्या गावी दुकानातील मंडळी एकामागून एक जेवून जातात, कोणाचा डबा दुकानावर जातो, आणि सूनबाईंच्या ताटाला शेवटची दहा मिनिटे उरतात. दिवसभराची भूक व रात्रीची तजवीज म्हणून त्या दहा मिनिटांत घाईघाईने भरपेट जेवायचे आणि वर दोन पेले पाणी प्यायचे! जळजळीला याहून अनुकूल परिस्थिती शोधूनही सापडणार नाही. गर्भवतीचे ताट पहिले वाढावे, आणि चारच्या सुमारास तिला काही हलके द्यावे. एकासणा-बियासणात एका किंवा दोन बैठकींतच सारे पोटात घालावे लागते, म्हणून या काळात ते टाळणेच मला योग्य वाटते.

श्वेतांबर परंपरेतील पच्चक्खाणाच्या पाठातच आगार, म्हणजे सवलती, सांगितलेल्या आहेत. व्याधीने चित्ताची समाधी ढळत असेल तर औषध घेण्याची मुभा देणारा आगार त्यांत आहे. पाठ रोज म्हणूनही तो अनेकांच्या लक्षात राहत नाही. गर्भवतीने चौविहाराऐवजी तिविहार करावा काय, नवकारशी सोडावी काय, हे गुरुभगवंतांना आधीच विचारून घ्यावे. घरातील ज्येष्ठ स्त्रीने हे विचारले तर सुनेचा संकोच वाचतो.

झोपताना डाव्या कुशीवर वळावे. पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली विटा ठेवून ती बाजू अर्धा फूट उंच करावी. नुसत्या उशा रचल्याने पोट दुमडते. तळलेली कचोरी, मिरचीचे लोणचे, कडक चहा यांपैकी काय बाधते ते प्रत्येकीने स्वतः पाहावे. खायचा सोडा किंवा फसफसणारी पुडी मात्र घेऊ नये. त्यातील सोडियम या काळात बरे नव्हे. गरोदरपणात चालणारी आम्लनाशक औषधे आहेत, ती डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे घ्यावीत. लोहाची गोळी आणि असे औषध यांत दोन तासांचे अंतर राखावे, अन्यथा लोह अंगी लागत नाही.

विसाव्या आठवड्यानंतर बरगड्यांखाली, विशेषतः उजवीकडे, किंवा पोटाच्या वरच्या भागात सलग दुखत असेल. सोबत तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, चेहऱ्यावर वा हातांवर अचानक सूज असेल, तर त्याला पित्त म्हणू नये. गरोदरपणात वाढलेल्या रक्तदाबाचे, प्रीएक्लॅम्प्सियाचे, ते लक्षण असू शकते, आणि त्यात आई व बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. कधी कधी यांतील एखादेच लक्षण दिसते. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. वरील लक्षणे असतील तर रक्तदाब मोजण्यासाठीही थांबू नये. सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालय किंवा नाव नोंदविलेले प्रसूतिगृह गाठावे. एरवी रक्तदाब प्रत्येक तपासणीत मोजून घ्यावा. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची तपासणी विनामूल्य होते.