सरकार आपले व्हॉट्सॲप वाचते का? परदेशी कंपन्यांवर भरवसा किती ठेवायचा?

दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या घरच्या ग्रुपवर तोच मेसेज नव्याने येतो. उद्यापासून सगळे कॉल रेकॉर्ड होणार, सगळे मेसेज सरकार वाचणार. दोन निळ्या आणि एक लाल टिक दिसली तर समजा कारवाई होणार, तिन्ही लाल झाल्या तर कोर्टाचे समन्स निघाले! लाल टिक व्हॉट्सॲपमध्ये नाहीच, आणि हा मेसेज खोटा असल्याचे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानेही सांगितले आहे. तरी तो फिरत राहतो. ग्रुपमधले चाचा लगेच बजावतात, "कुणी काही लिहू नका रे, दुआ-सलामपुरतेच राहा." त्यावर कॉलेजात जाणारा पुतण्या म्हणतो, "चाचा, कंपनी अमेरिकेची आहे. आपल्या सरकारला ती कशाला दाखवेल?"

आमच्या मते दोघेही अर्धे चुकतात. चाचांची भीती खरी आहे, पण ती चुकीच्या जागी आहे. पुतण्याचा भरवसाही चुकीच्या जागी आहे.

पोस्टाचे पत्र आठवून पाहा. आत मजकूर असतो आणि बाहेर पाकीट. पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचा पत्ता, गावाचा शिक्का, तारीख. एप्रिल 2016 पासून व्हॉट्सॲपवरचे मेसेज आणि कॉल टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद असतात. किल्ली फक्त दोन फोनांत असते, कंपनीकडे नसते. सरकारने मागितले तरी वाटेवरचा मजकूर कंपनी देऊ शकत नाही, कारण तो तिलाच वाचता येत नाही. पाकीट मात्र कंपनीच्या हातात आहे. कोणता नंबर कोणाशी, केव्हा, किती वेळा बोलला, प्रोफाइलचा फोटो कोणता, ही माहिती ती ठेवू शकते आणि कायदेशीर मागणी आली की देऊही शकते. फेसबुक आणि व्हॉट्सॲप चालवणाऱ्या मेटा कंपनीच्या स्वतःच्या अहवालानुसार भारतातून दर सहामाहीला अशा हजारो मागण्या येतात.

मग पोलिसांच्या हाती चॅट लागतात ते कसे? 2020 मध्ये मुंबईत सिनेसृष्टीतल्या अमली पदार्थांच्या तपासात जुने चॅट टीव्हीवर झळकले, तेव्हा घरोघरी हाच प्रश्न होता. ते कुलूप तोडून आले नव्हते. फोन ताब्यात घेतला, त्याची नक्कल काढली की आतले सगळे उघडे पडते. दुसरी वाट बॅकअपची. गुगल ड्राइव्हवर किंवा आयक्लाउडवर जाणाऱ्या व्हॉट्सॲपच्या बॅकअपला तेच कुलूप लावण्याची सोय 2021 च्या ऑक्टोबरमध्ये आली, आणि तीही आपण स्वतः सुरू केली तरच लागू होते. तिसरी वाट सगळ्यात जुनी: समोरच्याने काढलेला स्क्रीनशॉट.

सरकारी पाळतीची भीती निराधार आहे, असे आम्ही म्हणणार नाही. मे 2019 मध्ये इस्रायलच्या एनएसओ कंपनीचे पेगॅसस हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर व्हॉट्सॲपच्या कॉलमधून फोनात शिरत असल्याचे उघड झाले. कॉल उचलायचीही गरज नव्हती. जगभरातले सुमारे 1,400 फोन निशाण्यावर होते. त्यांत भारतातले पत्रकार, कार्यकर्ते होते आणि भीमा कोरेगाव प्रकरणाशी संबंधित वकीलही होते. आपण हे सॉफ्टवेअर फक्त सरकारांनाच विकतो, असे एनएसओ स्वतः सांगते. आपल्याकडे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने नेमलेल्या समितीला तपासलेल्या 29 फोनांपैकी 5 मध्ये घातक सॉफ्टवेअर सापडले, पण ते पेगॅससच आहे असे ठामपणे सांगता आले नाही. सरकारने समितीला सहकार्य केले नाही, हेही ऑगस्ट 2022 मध्ये भर न्यायालयात सांगितले गेले. पेगॅसस विकत घेतले की नाही, याचे सरळ उत्तर सरकारने दिलेच नाही.

याच प्रकरणात परदेशी कंपनी आपल्या बाजूने उभी राहिलेली दिसते. व्हॉट्सॲपने निशाण्यावरच्या लोकांना स्वतः कळवले, अमेरिकेत एनएसओवर दावा लावला आणि डिसेंबर 2024 मध्ये जिंकलाही. ज्युरीने 16 कोटी डॉलरहून अधिक दंड ठोठावला. पुढे न्यायाधीशांनी तो खूप कमी केला, पण व्हॉट्सॲपच्या वाटेला जायला एनएसओला कायमची मनाई केली. मेसेज पहिल्यांदा कोणी पाठवला ते शोधून द्या, असा नियम आपल्या सरकारने 2021 मध्ये केला. त्याविरुद्धही व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि कुलूप तोडायला लावले तर भारतातून निघून जाऊ, असे 2024 मध्ये त्याच्या वकिलांनी तिथे सांगितले. कंपनीचा धंदाच कुलपावर उभा असेल तर ती कुलपासाठी भांडते. धंदा दुसऱ्या कशावर असेल तेव्हा काय होते, ते पुढच्या गोष्टीत आहे, आणि ती थेट आपल्या घरातली आहे.

मुस्लिम प्रो हे ॲप माहीत नसेल असे घर विरळाच. नमाजच्या वेळा, अजान, किब्ला, कुरआन, रमजानमधली सहेरी-इफ्तारची वेळ, सगळे एका जागी. सिंगापूरच्या बिट्समीडिया कंपनीचे हे ॲप. नोव्हेंबर 2020 मध्ये, ते 9 कोटी 80 लाखांहून अधिक वेळा डाउनलोड झालेले असताना, अमेरिकेतल्या मदरबोर्ड या बातमीस्थळाने छापले की हे ॲप वापरणाऱ्यांचे लोकेशन एक्स-मोड नावाच्या कंपनीकडे जात आहे, एक्स-मोड ते संरक्षण खात्याच्या ठेकेदारांना विकते आणि तिथून ते अमेरिकी लष्करापर्यंत पोचते. बिट्समीडियाने लष्कराला माहिती विकल्याचा इन्कार केला आणि एक्स-मोडशी संबंध तोडले. पुढे जानेवारी 2021 मध्ये सलात फर्स्ट या नमाजच्या ॲपबाबतही तशीच बातमी आली. तिथे लोकेशन फ्रान्सच्या प्रेडिसिओ कंपनीकडे जात होते.

यात कुणी फोनात घुसले नव्हते. कुलूपही तोडले नव्हते. हे कसे चालते ते नीट समजून घेण्यासारखे आहे. ॲप फुकट असते, पण ते बनवणाऱ्याला पगार, भाडे चुकत नाही. मग लोकेशनचा व्यापार करणारी कंपनी येते आणि म्हणते, आमचा हा छोटा कोड तुमच्या ॲपमध्ये बसवा, वापरणारे जितके जास्त तितके पैसे जास्त. ॲपला किब्ल्यासाठी लोकेशन हवेच असते, आपण 'परवानगी द्या' वर बोट ठेवतो, आणि त्याच परवानगीवर तो कोडही बसून खातो. फोनला एक जाहिरात-क्रमांक असतो. त्यासोबत ठिकाण आणि वेळ नोंदली जाते. नाव लिहिलेले नसते, म्हणून कंपन्या म्हणतात की माहिती निनावी आहे. पण जो फोन रात्री एका ठरावीक इमारतीत असतो, दिवसा एका ठरावीक दुकानात आणि दर जुम्याला दुपारी एका ठरावीक मशिदीत, त्याच्या मालकाचे नाव काढायला कितीसा वेळ लागणार?

दुसरी बाजू सरकारची. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ठरवून दिले की मोबाइल कंपनीकडून माणसाच्या ठिकाणांचा दीर्घ इतिहास घ्यायचा तर पोलिसांना न्यायाधीशाचे वॉरंट लागेल. बाजारात तीच माहिती विकत मिळत असेल तर मात्र वॉरंट मागायला जातो कोण? पाळतीसाठी कायदा आडवा आला की खरेदीखाते पुढे येते.

तिथल्या मुसलमानांना ही बातमी इतकी का झोंबली, त्यालाही इतिहास आहे. 9/11 नंतर न्यूयॉर्क पोलिसांच्या एका खास पथकाने मशिदी, हॉटेले, दुकाने, विद्यार्थी संघटना यांच्या नोंदी ठेवल्या होत्या. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने 2011 मध्ये ते उघड केले. त्या पथकाच्या कामातून दहशतवादाचा एकही धागा हाती लागला नाही, असे पोलिसांच्याच अधिकाऱ्याने शपथेवर सांगितले आणि 2014 मध्ये पथक बंद झाले. तेव्हा खबऱ्याला गल्लीत पाठवावे लागत होते. ॲपच्या काळात आपणच खिशात घेऊन फिरतो.

एक्स-मोडचे पुढे काय झाले? डिसेंबर 2020 मध्ये गुगल आणि ॲपलने तिचा कोड ॲपमधून काढायला लावला. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तिला आणि तिच्या वारसदार कंपनीला संवेदनशील ठिकाणांची माहिती विकायला बंदी केली, आणि अशा ठिकाणांत प्रार्थनास्थळे आहेत. व्यापार मात्र एका कंपनीपुरता नव्हता.

कोकणातल्या वाचकांसाठी अजून एक उदाहरण, कारण रत्नागिरी-रायगडमधल्या कितीतरी घरांचा एक पाय गल्फमध्ये असतो. अमिरातीत व्हॉट्सॲपवर मेसेज चालतात, कॉल नाही. 2019 मध्ये तिथे टोटॉक नावाचे ॲप आले. कॉल फुकट, व्हिडिओही स्वच्छ. लाखोंनी घेतले. डिसेंबर 2019 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अमेरिकी अधिकाऱ्यांच्या हवाल्याने छापले की हे ॲप म्हणजे अमिराती सरकारचे हेरगिरीचे साधन आहे. कंपनीने इन्कार केला, पण गुगल आणि ॲपलने ते आपल्या दुकानातून काढले. तपासणाऱ्या तज्ज्ञाला त्यात कुठलाही चोरदरवाजा सापडला नाही. गरजच नव्हती, संपर्क यादी, लोकेशन, मायक्रोफोन सगळे लोकांनी स्वतः परवानगी देऊन दिले होते. बाकीच्या ॲपचे कॉल बंद आणि एकाच ॲपचे चालू, तेही फुकट, असे दिसले की मनात शंका यायला हवी.

आता पुतण्याच्या मुद्द्याकडे. अमेरिकी कंपनी म्हणजे आपल्या सरकारपासून थोडी दूर, हे खरे. पण ती अमेरिकेच्या सरकारच्या जवळ असते. एडवर्ड स्नोडेनने जून 2013 मध्ये फोडलेल्या कागदांत प्रिझम नावाचा कार्यक्रम होता आणि मायक्रोसॉफ्ट, गुगल, फेसबुक, ॲपल धरून नऊ सेवांची नावे होती. सरकारला थेट शिरकाव दिल्याचे कंपन्यांनी नाकारले. पण ज्या कायद्याखाली तो चालतो त्यात निशाणा परदेशी माणूस असतो. आपल्या नागरिकाला अमेरिकेची घटना जे संरक्षण देते, ते मालेगावच्या किंवा मिरजेच्या माणसाला देत नाही.

मग देशी ॲप घ्यावे का? त्याच्यावर आपला कायदा चालतो, आणि तोही पाहून घेतलेला बरा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69 खाली पाळतीचा आदेश गृहसचिव देतात, आधी न्यायाधीशाकडे जावे लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 2017 मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, पण 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात सरकार हव्या त्या सरकारी यंत्रणेला सूट देऊ शकते. म्हणून देशी की परदेशी, हा आमच्या लेखी पहिला प्रश्न नाही. कंपनीकडे आपले नेमके काय साठलेले आहे, हा पहिला प्रश्न. सिग्नल या ॲपला 2016 मध्ये अमेरिकी न्यायालयातून माहितीची मागणी आली तेव्हा त्याच्याकडे द्यायला दोनच गोष्टी निघाल्या: खाते कधी उघडले आणि शेवटचे कधी जोडले गेले. नसलेली गोष्ट कोणीच देऊ शकत नाही. उलट टेलिग्राम सुरक्षित म्हणून आपल्याकडे बरेच जण तिकडे गेले, पण तिथले साधे चॅट आणि ग्रुप टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद नसतात. ऑगस्ट 2024 मध्ये त्याच्या मालकाला फ्रान्समध्ये अटक झाली आणि पुढच्याच महिन्यात कायदेशीर मागणीवर फोन नंबर देऊ, असे टेलिग्रामने जाहीर केले.

घरी आम्ही काय केले ते सांगतो. एका रविवारी नाश्त्यानंतर सगळ्यांचे फोन दस्तरखानावर मांडले. अब्बांच्या फोनात किब्ला दाखवणारे एक ॲप होते, त्याने संपर्क यादीची परवानगी घेतलेली निघाली. किब्ल्याला अब्बांचे साडेचारशे नंबर कशाला लागतात, हे कोणालाच सांगता आले नाही. ते काढून टाकले. बाकी ॲपना लोकेशन 'फक्त वापरताना' इतकेच ठेवले. नमाजच्या वेळेसाठी तर लोकेशन लागतच नाही. यादीतून शहराचे नाव निवडले की झाले. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये गुगल, मग जाहिराती, तिथे जाहिरात-आयडी हटवण्याची सोय आहे, ती वापरली. व्हॉट्सॲपमध्ये चॅट बॅकअपला कुलूप लावले, पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवला, कारण तो विसरला तर जुने चॅट कंपनीही परत देऊ शकत नाही. जोडलेल्या उपकरणांच्या यादीत बहिणीच्या जुन्या ऑफिसातला कॉम्प्युटर अजून जोडलेला दिसला. तोही काढला. रखडलेले अपडेट रात्री लावून ठेवले. पेगॅसस शिरले होते ती फट 2019 मध्ये अपडेटनेच बुजली होती. पेगॅसससारखे महागडे हत्यार पुन्हा कुणावर चालवले गेले तर या सगळ्याने ते थांबेलच असे नाही. लोकेशनचा बाजार मात्र आमच्यापुरता बऱ्यापैकी बंद झाला.

अम्मीने तिचा फोन दिलाच नाही. स्वयंपाकघरात दाराआड मशिदीने छापलेले नमाजच्या वेळांचे कॅलेंडर टांगलेले आहे. "माझे ॲप हे," ती म्हणाली. "आणि किब्ला तर मावळतीला, जरासा उत्तरेकडे. तुमच्या दादांनी घर बांधतानाच बघून ठेवलाय."