कोरड्या हवेची करामत

मे महिन्यात फैजपूर-सावदा पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांना भिडतो, तेव्हा घराघरांत माठ आणि कुलर दोघांनाही उसंत नसते. एक कुंभाराच्या चाकावरचा, दुसरा विजेवरचा. पण दोघांची कमाई एकाच गोष्टीवर. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेतं.

किती? एक लिटर पाणी उडून जायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. तेवढंच पाणी एक अंशानं गार करायला जेमतेम सव्वाचार किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. म्हणजे दहा लिटरच्या माठातून २०० मिलिलिटर पाणी उडालं, तर हिशेबानं उरलेलं पाणी अकरा-बारा अंशांनी उतरायला हवं. बाहेरची धग आत शिरतच असते, त्यामुळे प्रत्यक्षात तेवढं उतरत नाही. माठ पाझरायलाच हवा, तो यासाठी. ऑइलपेंटनं नटवलेला माठ दिवाणखान्यात शोभतो खरा, पण त्याची छिद्रं बुजलेली असतात. जड पाण्याच्या क्षारांनी जुना माठही असाच मंदावतो.

कुलरची मदार पाण्याइतकीच हवेच्या कोरडेपणावर. हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातल्यावर पारा सुमारे २३ अंशांपर्यंत उतरतो. कुलरची हवा याहून खाली जाऊ शकत नाही. ती काही अंश वरच थांबते. मुंबईच्या ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत हीच मर्यादा २९ अंशांवर असते. तिथं कुलर लावणं म्हणजे घामात भर. फैजपुरातही खिडक्या बंद करून कुलर चालवला, की तासाभरात खोली दमट होते. ओली हवा बाहेर जायला वाट ठेवावीच लागते. पहिल्या पावसानंतर तर पंप बंद करून नुसता पंखा फिरवलेला बरा.

केळीच्या बागेत हाच व्यवहार पानं करतात. मुळांनी ओढलेलं पाणी पर्णरंध्रांतून उडतं आणि पान थंड राहतं. मात्र उन्हाळी झळा सुटल्या, की मुळं पुरवतील त्याहून जास्त पाणी वारा नेतो. मग पानाचे दोन्ही भाग मधल्या शिरेपासून खाली मिटतात. पाणी वाचतं, गारवा थांबतो आणि कडा करपू लागतात. म्हणून बागेच्या कडेनं शेवरी किंवा गजराज गवताचं कुंपण उभं करतात; काही जण हिरवी जाळीही बांधतात. पाणी उडायला हवं, पण वाऱ्याच्या नव्हे, झाडाच्या वेगानं.