ज्ञानाची अधिस्वीकृती आणि माओरी ‘वानंगा’

एखाद्या संस्थेची पदवी ग्राह्य मानावी की नाही, हा प्रश्न वरकरणी केवळ प्रशासकीय वाटतो. परंतु ग्राह्यतेचे निकष कोणी ठरवावयाचे, असे विचारताच तो ज्ञानाच्या आणि भाषेच्या क्षेत्रात शिरतो. न्यूझीलंडमधील माओरी समाजाने उभारलेल्या उच्च शिक्षणसंस्थांचा, म्हणजेच वानंगांचा, इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

‘वानंगा’ हा शब्द माओरी भाषेत नाम व क्रियापद अशा दोन्ही रूपांनी येतो. एकत्र बसून सखोल विचारविनिमय करणे हा त्याचा क्रियावाचक अर्थ होय. परंपरेने जतन केलेले वरिष्ठ ज्ञान हा नामवाचक. असे ज्ञान जेथे शिकविले जाई त्या गृहास ‘फारे वानंगा’ म्हणत, आणि आज विद्यापीठासाठीही हाच शब्द रूढ आहे. ज्ञान ही वस्तू आणि ते मिळविण्याची सामूहिक क्रिया यांत ही भाषा भेद करीत नाही, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावयास हवी.

१९७५ मध्ये राउकावा, ते आती आवा व तोआ या तीन संबद्ध जमातींनी इ. स. २००० पर्यंतच्या पंचवीस वर्षांचा एक कार्यक्रम आखला. तरुण पिढीतून स्वभाषा जवळजवळ नाहीशी झाली होती, हे त्यामागील मुख्य कारण. लेखाशास्त्राचे प्राध्यापक फातारांगी विनियाता हे या कार्यक्रमाचे अध्वर्यू होते. त्यातूनच १९८१ मध्ये ओताकी येथे ‘ते वानंगा ओ राउकावा’ ही संस्था निघाली. १९८९ च्या शिक्षण अधिनियमात १९९० मध्ये दुरुस्ती होऊन वानंगा हा उच्च शिक्षणसंस्थांचा एक स्वतंत्र प्रकार ठरला. १९९३ मध्ये ही संस्था व ‘ते वानंगा ओ आओतेआरोआ’ यांस, आणि १९९७ मध्ये फाकाताने येथील ‘आवानुइआरांगी’ संस्थेस तो दर्जा मिळाला.

या अधिनियमातील व्याख्या अर्थपूर्ण होती. माओरी परंपरेविषयीच्या ज्ञानाचा विनियोग ‘तिकंगा माओरी’स, म्हणजे माओरी आचारधर्मास, अनुसरून व्हावा, असे तीत म्हटले होते. कायद्याने मूळ संज्ञाच स्वीकारली आणि तिचा इंग्रजी प्रतिशब्द केवळ कंसात दिला. मात्र दर्जाबरोबर द्रव्य आले नाही. अन्य संस्थांना पूर्वी इमारतींसाठी भांडवली साहाय्य मिळालेले होते. वानंगांना ते नाकारण्यात आले. हा वायतांगी कराराचा भंग होय, असा निष्कर्ष वायतांगी न्यायाधिकरणाने १९९९ मध्ये नोंदविला व त्यानंतर नुकसानभरपाईचे समझोते झाले.

मान्यता आणि द्रव्य यांनंतरही निकषांचा प्रश्न उरतोच. परीक्षण करणाऱ्यास भाषा अवगत नसेल, तर तो अनुवादाच्या आधारे निर्णय देतो. आणि ज्या संकल्पनांना अनुवादात जागा नाही, त्या त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतात. हीच अडचण अन्य देशांतील मूलनिवासी संस्थांपुढेही होती. यास्तव २००२ मध्ये कॅनडातील आल्बर्टा प्रांतात जागतिक मूलनिवासी राष्ट्र उच्चशिक्षण संघाची स्थापना झाली. या संघाच्या अधिस्वीकृतीपद्धतीत संस्था प्रथम आत्मपरीक्षण करते. नंतर मूलनिवासी शिक्षणतज्ज्ञांचे मंडळ तिला भेट देते. संस्थेने स्वतः स्वीकारलेले ध्येय, तिची भाषा व तिच्या समाजाचे आचार यांच्याशी तिचे कार्य कितपत सुसंगत आहे, हे ते पाहते.

आपल्यासारख्यांनीच आपले परीक्षण केल्यास निकष शिथिल होतील, असा आक्षेप घेतला जातो. परंतु रसायनशास्त्राचे परीक्षणही रसायनशास्त्रज्ञच करतात. तेथे समव्यावसायिकांचा निर्णय हाच प्रमाण मानला जातो. शिवाय ही अधिस्वीकृती शासकीय मान्यतेची जागा घेत नाही. वानंगांच्या अभ्यासक्रमांना न्यूझीलंडच्या अर्हता प्राधिकरणाची संमती लागतेच. खरी उणीव निराळी आहे: लहान संस्थांवर दुहेरी परीक्षणाचा भार पडतो, आणि केवळ संघाच्या शिफारशीवर अन्य विद्यापीठे पदवी ग्राह्य धरतीलच असे नाही.

म्हणूनच या संस्थांबाहेरील समर्थकांचे कार्य येथे निश्चित होते. पदव्यांची परस्पर ग्राह्यता मान्य करणे, माओरी भाषेत लिहिलेल्या प्रबंधास त्याच भाषेचा जाणकार परीक्षक देणे, आणि द्रव्यसाहाय्याच्या मागणीस पाठबळ देणे, ही ती कार्ये होत. निकष ठरविणे मात्र त्यांत येत नाही. भाषा तिच्या भाषकांच्या हाती राहिली तरच टिकते. त्या भाषेत साठविलेल्या ज्ञानाचा न्याय करण्याचा अधिकारही त्यांच्याच हाती असणे, हा त्याच तत्त्वाचा स्वाभाविक विस्तार होय.