दुबई सोडण्यापूर्वी

शेजारचे कुटुंब कायमचे नाशिकला परतत असून, त्यांच्या आवराआवरीत हातभार लावताना जे सांगितले, ते इतरांनाही उपयोगी पडावे म्हणून लिहितो.

कुटुंबप्रमुखाच्या परवान्यावर अवलंबून असलेले पत्नी व मुलांचे रहिवासी परवाने आधी रद्द करावे लागतात. त्याचा स्वतःचा त्यानंतरच.

वर्षभराहून अधिक सेवा झालेल्यास पहिल्या ५ वर्षांपोटी दरसाल २१ दिवसांचे व पुढील वर्षांपोटी ३० दिवसांचे मूळ वेतन ग्रॅच्युइटी म्हणून मिळावे, आणि सारा हिशेब सेवासमाप्तीपासून १४ दिवसांत चुकता व्हावा, अशी कायद्यात तजवीज आहे.

शाळेचा दाखला मात्र सर्वांआधी मागावा. मैत्रिणींचा निरोप घेणाऱ्या मुलीचे अखेरचे आठवडे कचेऱ्यांत जाऊ नयेत, असे मला मनापासून वाटते.

शंका अवश्य विचाराव्यात.