ॲम्प्लिफायरचे शक्ती-मानांकन

ध्वनी ॲम्प्लिफायर लाउडस्पीकरला किती वॅट शक्ती पुरवू शकतो, हे सांगणाऱ्या आकड्यास त्याचे शक्ती-मानांकन म्हणतात. मोजणीत किती विरूपण ग्राह्य धरले आहे, यावर हा आकडा लहान वा मोठा ठरतो. म्हणून विरूपणाच्या उल्लेखावाचून दिलेले मानांकन अपुरे असते.

विरूपण

ॲम्प्लिफायरला एकाच वारंवारतेचा शुद्ध संकेत दिला असता मूळ तरंगाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट इत्यादी वारंवारतांचे संनादी तरंगही बाहेर पडतात. या सर्व संनादींच्या एकत्रित विद्युत् दाबाचे मूळ तरंगाच्या दाबाशी असलेले टक्केवारीतील प्रमाण म्हणजे एकूण संनादी विरूपण, अर्थात टीएचडी होय.

शक्तीशी संबंध

ॲम्प्लिफायरचा निर्गत दाब त्याच्या वीजपुरवठ्याच्या मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही. संकेत त्याहून वाढवल्यास तरंगाचे माथे सपाट होतात. यास क्लिपिंग म्हणतात. क्लिपिंग सुरू होताच विरूपण झपाट्याने वाढते. मात्र सपाट माथ्यांमुळे तरंग अधिक काळ कमाल दाबावर राहतो व सरासरी शक्तीही वाढते.

उदाहरणार्थ, ८ ओहम संरोधाच्या भारावर कमाल २० व्होल्ट दाब देणारा ॲम्प्लिफायर क्लिपिंगपूर्वी २५ वॅट शक्ती देतो. १० टक्के विरूपण मान्य केल्यास तोच आकडा सुमारे ३२ वॅट होतो. तरंग पूर्णपणे चौकोनी झाल्यास शक्ती ५० वॅट भरते, परंतु विरूपण ४८ टक्क्यांच्या घरात जाते. २५ वरून ३२ वॅटची वाढ केवळ १.१ डेसिबेलची असल्याने आवाजातील फरक जेमतेम जाणवतो. आवाजाचा दर्जा मात्र स्पष्टपणे खालावतो.

नियमन

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली केलेल्या नियमानुसार घरगुती ॲम्प्लिफायरच्या शक्तीसोबत भाराचा संरोध, वारंवारतेचा पट्टा व कमाल विरूपण नमूद करणे बंधनकारक झाले. २०२४ मधील सुधारणेने मोजणीसाठी ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ आणि १ टक्क्याहून कमी विरूपण या समान अटी ठरवल्या.

तुलना

दोन ॲम्प्लिफायरांची तुलना विरूपण, संरोध, वारंवारतेचा पट्टा व एकाच वेळी चालवलेल्या वाहिन्यांची संख्या समान असतानाच ग्राह्य ठरते. भारतीय बाजारात खोक्यांवर आढळणारा ‘पीएमपीओ’ हा आकडा मोजण्याची सर्वमान्य पद्धत नाही. तो सलग मिळणाऱ्या शक्तीच्या कितीतरी पट असू शकतो. त्यामुळे तो तुलनेसाठी निरुपयोगी ठरतो.